निरोधाच्या पेशी आणि हिरवा उंदीर

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात मेंदूचे प्रकरण सुरू झाले त्या दिवशीची गोष्ट. सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'उत्तेजन' आणि 'निरोध'. दुसरा शब्द पुरा होण्याच्या आधीच मागच्या बाकांवर खसखस पिकली. ज्या शब्दाचा सरकारने १९६८ पासून कुटुंबनियोजनाच्या पाकिटावर शिक्का मारला आणि जो एस. टी. स्टँडपासून आरोग्यकेंद्रापर्यंत भिंतीभिंतींवर रंगवला, तो शब्द वर्गात उच्चारला की हसू येणारच. सरही हसले. मग त्यांनी उत्तेजनावर पाऊण तास घालवला आणि निरोधावर पाच मिनिटे. "काही पेशी इतर पेशींचे काम थांबवतात," असे एक वाक्य आम्ही वहीत उतरवून घेतले आणि तास संपला.

सरांना दोष देण्याचा हेतू नाही. आमच्या पाठ्यपुस्तकातही या पेशींच्या वाट्याला तेवढाच मजकूर आलेला आहे. परंतु मला त्या वाक्याने अस्वस्थ केले, आणि त्याचे कारण पाठ्यपुस्तकात नव्हते, आमच्या घरात होते.

माझ्या आत्याला लहानपणापासून फेफरे येते. आमच्या गावात त्याला कुणी अपस्मार म्हणत नाही. फिट आली, आकडी आली, असे म्हणतात. आणि आली की कांदा फोडून नाकाला लावतात, नाहीतर कुणाची तरी चप्पल हुंगवतात. आत्या सांगते की शुद्धीवर येताना पहिली जाणीव व्हायची ती चामड्याच्या वासाची आणि त्यापाठोपाठ शरमेची. १९८८ साली तिचे लग्न झाले आणि वर्षाच्या आत मोडले. सासरच्या मंडळींनी वकिलाकरवी नोटीस पाठवली, आणि त्यांच्या बाजूने कायदाही होता. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमध्ये १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे झटकेही घातले गेले होते. तेवढा एक शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. आत्या तोवर माहेरी येऊन दहा वर्षे झाली होती. तिने पुन्हा लग्न केले नाही. ती आमच्या शेतीचे निम्मे काम पाहते, आणि रोज रात्री जेवणानंतर फेनोबार्बिटोनची एक बारीक पांढरी गोळी घेते.

'थांबवणाऱ्या पेशी' या दोन शब्दांवर मी अडखळले ते एवढ्यासाठीच. माझ्या आत्याच्या मेंदूत काहीतरी वेळेवर थांबत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहत आलो आहोत.

पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत माझी मावसबहीण उंदरांच्या मेंदूवर काम करते. दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे गेले होते. प्राणिगृहात बाहेरच्यांना सोडत नाहीत, पण सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत तिने मला नेले. खोली अंधारी. काचेच्या एका उथळ पात्रात मेंदूचा एक काप ठेवलेला होता, जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. त्याच्यावरून क्षारांचे पाणी वाहत होते आणि त्या पाण्यात सतत प्राणवायू सोडलेला होता. उंदीर मेलेला, पण काप अजून काही तास जिवंत, असा तो चमत्कारिक प्रकार. साध्या दिव्यात पाहिले तर राखी रंगाचा गढूळपणा, नदीकाठच्या गाळासारखा. त्यात गोल गोल आकार एकमेकांना खेटून दिसत होते आणि सगळे सारखेच. मग ताईने साधा दिवा मालवून निळा प्रकाश सोडला. गाळ नाहीसा झाला, आणि काळोखात इथे एक, तिथे दोन असे हिरवे ठिपके उजळले. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे पाहिलेले असतील त्यांना वेगळे वर्णन नको. नीट पाहिल्यावर ठिपक्यांना फुटलेले बारीक हिरवे तंतूही दिसू लागले.

"या सगळ्या थांबवणाऱ्या," ताई म्हणाली. "बाकीच्या अंधारात आहेत त्या चालवणाऱ्या."

मला लिहावेसे वाटले ते त्या क्षणी. आमच्या वर्गातल्या त्या एका वाक्यामागे माणसांनी किती वर्षे आणि किती डोळे खर्ची घातले आहेत, हे आपल्या कला शाखेच्या अंकात कुणीतरी लिहायला हवे. विज्ञान शाखेचे लोक लिहितील असे म्हणून आपण सोडून देतो. ते त्यांच्या अंकात प्लास्टिकचे दुष्परिणाम लिहितात.

मेंदूच्या वरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, या निरोधक पेशी साधारण पाचात एक. उंदरात थोड्या कमीच. त्या एका ठिकाणी गटाने राहत नाहीत, बाकीच्यांत मिसळून विखुरलेल्या असतात. बाजारच्या दिवशी गर्दीत साध्या कपड्यांतला पोलीस ओळखायचा म्हटले तर जी पंचाईत होईल, तीच इथे. इटलीत कामिल्लो गोल्जी याने १८७३ साली चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवण्याची रीत जाहीर केली. आबियातेग्रासो या गावच्या रुग्णालयातील एका स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटून त्याने हे काम केले. त्या रीतीची गंमत अशी, की ती शेकड्यात थोड्याच पेशी रंगवते, पण ज्या रंगवते त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. कोणत्या रंगवायच्या हे मात्र तिच्या मर्जीवर. स्पेनच्या रामोन इ काहाल याने याच रीतीने हजारो चित्रे काढली आणि मेंदू स्वतंत्र पेशींचा बनलेला आहे असे प्रतिपादिले. गोल्जीला ते कधीच पटले नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हा गोल्जीने त्या प्रसंगीच्या भाषणातही काहालच्या मताचा प्रतिवाद केला! आखूड तंतूंच्या कितीतरी पेशी काहालच्या चित्रांत आहेत. पण चित्रातली पेशी बोलत नाही. ती चालवणारी की थांबवणारी, हे आकारावरून खात्रीने सांगायला काही मार्ग नव्हता.

थांबवणे ही मज्जासंस्थेतील एक क्रियाच आहे, नुसता क्रियेचा अभाव नव्हे, हा विचार इंग्लंडमध्ये शेरिंग्टनने मांडला. वाचकांनी हे वाचता वाचता कोपर वाकवून पाहावे. दंडाच्या पुढचा स्नायू आवळतो त्याच वेळी मागचा सैल होतो. त्याला सैल सोडण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातून येतो. तो हुकूम आला नाही तर दोन्ही स्नायू एकमेकांशी झुंजत राहतील आणि आपला हात पानही उलटू शकणार नाही. शेरिंग्टनला १९३२ साली नोबेल मिळाले, आणि त्याने आपल्या भाषणाचा विषय हाच निवडला.

हा हुकूम विजेच्या झटक्याने पोचतो की रसायनाने, यावर पुढे मोठे रण माजले. जॉन एकल्स हा वीजवाद्यांचा सेनापती. न्यूझीलंडमध्ये असताना त्याची गाठ कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाशी पडली. पॉपरने त्याला सल्ला दिला की आपले मत इतके नेमके मांड की ते खोटे ठरवता आले पाहिजे, आणि मग ते खोटे ठरवण्याचाच प्रयत्न कर. १९५१ साली ड्युनेडिनमध्ये मांजराच्या कण्यातील एकाच पेशीच्या आत अतिसूक्ष्म काचनळी घालून एकल्सने मोजमाप घेतले, आणि त्याच्या स्वतःच्या सिद्धांताचा निकाल लागला. निरोधाचा संदेश आला की पेशीतील विजेचा दाब त्याच्या अपेक्षेच्या नेमका उलट दिशेने जात होता. तो मुकाट्याने विरुद्ध पक्षात गेला, आणि १९६३ चे नोबेल त्याला मिळाले ते त्यापुढच्या कामाबद्दल. आमच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान विभागात विद्यार्थी नाहीत म्हणून तो बंद करावा अशी कुजबूज दरवर्षी होते. कुजबुजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आता ते रसायन कोणते? गाबा. युजीन रॉबर्ट्‌स आणि इतरांना ते १९५० साली मेंदूत सापडले होते, परंतु तेच निरोधाचा निरोप्या आहे हे सर्वमान्य व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

म्हणजे हुकूम कळला, शाईही कळली. लिहिणारा हात मात्र गर्दीत हरवलेलाच राहिला. ताईचे जुने प्राध्यापक सांगत की त्यांच्या उमेदीच्या काळात काचनळी घेऊन अंदाजाने एका पेशीत शिरायचे, तासभर मोजमाप घ्यायचे, नळीतून पेशीत रंग भरायचा आणि दुसऱ्या दिवशी काप धुऊन पाहायचे की आपण कालचा दिवस कुणाच्या घरी घालवला! पाच वेळा शिरावे तेव्हा एखादी निरोधक हाती लागायची, आणि तीही कोणत्या जातीची हे नशिबावर.

ही अडचण सोडवली ती समुद्रातल्या एका जेलीफिशने, आणि ही कथा मला इतकी आवडते की विषय थोडा लांबला तरी सांगते. ओसामू शिमोमुरा हा जपानी मुलगा ऑगस्ट १९४५ मध्ये सोळा वर्षांचा होता आणि नागासाकीजवळच्या इसाहाया येथे कारखान्यात कामाला जुंपलेला होता. बाँब पडला तेव्हा त्याच्या झगझगाटाने काही क्षण त्याला दिसेनासे झाले. तोच पुढे आयुष्यभर प्रकाशाच्या मागे लागला, फक्त थंड आणि निरुपद्रवी प्रकाशाच्या. १९६१ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे सहकाऱ्यांबरोबर जेलीफिश गोळा करीत होता. तिच्या कडेशी चमकणारा पदार्थ काही केल्या वेगळा होईना. कंटाळून त्याने एक अर्क मोरीत ओतला, आणि मोरी निळी झगमगली! मोरीत समुद्राचे पाणी येऊन पडत होते. त्यातील कॅल्शियमने हा पदार्थ पेटतो हे त्यावरून उमगले. हजारो जेलीफिश पिळून त्याने तो पदार्थ शुद्ध केला, आणि १९६२ च्या आपल्या लेखात जाता जाता नोंद केली की याच्यासोबत एक हिरवट चमक देणारे दुसरे प्रथिनही सापडते. तेच ते हिरवे प्रथिन. शोधनिबंधातील एक जाता जाता केलेली नोंद. आमच्या प्रबंधांत तळटीपा कशाला हव्यात असे विचारणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी हे मुद्दाम लिहिले.

या प्रथिनाचे जनुक १९९२ साली डग्लस प्रॅशर याने वेगळे केले. पुढे अनुदान मिळेना, म्हणून त्याने तो शोध सोडून दिला आणि ते जनुक मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन या दोघांना पाठवून दिले. चॅल्फीने १९९४ मध्ये दाखवले की हे जनुक एका इवल्याशा कृमीत घातले तरी कृमीच्या चेतापेशी हिरव्या चमकतात. त्सिएनने त्याचे आणखी तेजस्वी आणि निरनिराळ्या रंगांचे प्रकार बनवले. १९९७ साली ओसाकात अंगभर हिरवे चमकणारे उंदीर जन्मले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळाले, आणि त्या वेळी प्रॅशर अलाबामा राज्यातील हन्ट्सव्हिल येथे एका मोटारविक्रेत्याच्या गिऱ्हाइकांना गाडीतून पोचवण्याचे काम करीत होता. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्याला स्वखर्चाने स्टॉकहोमला समारंभासाठी नेले आणि पुढे त्सिएनने त्याला आपल्याच प्रयोगशाळेत काम दिले, एवढाच या हकिगतीतला दिलासा. पारितोषिक तिघांहून अधिक जणांना देता येत नाही, हा नियमच मला तरी अडाणीपणाचा वाटतो.

आता उंदराकडे. गाबा तयार करण्याचे काम ज्या विकरावर सोपवलेले आहे त्याच्या एका प्रकाराला गॅड-६७ म्हणतात. ते विकर फक्त निरोधक पेशींत बनते. मग त्याच्या जनुकाच्या जागी हिरव्या प्रथिनाचे जनुक बसवून दिले तर? पेशी जेव्हा 'आता गाबा बनवण्याचे हत्यार काढू' असे ठरवील, तेव्हा त्याच हुकमाने तिचा हिरवा दिवाही लागेल. जपानमध्ये तामामाकी, यानागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली असा उंदीर प्रसिद्ध केला. ताईच्या पात्रातले काजवे त्याच कुळातले. आता काचनळी घेऊन अंदाजाने शिरायचे कारण उरले नाही. दिवा लागलेला आहे तिथे जा.

इथे माझे पहिले म्हणणे. ही युक्ती पाहून भारावणारे माझे काही मित्र म्हणतात की आता मन दिसू लागले, तुमच्या मानसशास्त्राचे दुकान बंद. त्यांनी दिव्याची किंमत पाहावी. प्रत्येक उंदराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दिवा बसवताना त्यातली एक काढून टाकलेली आहे. म्हणजे जो उंदीर आपण निरोध समजून घेण्यासाठी पाहतो, त्याच्याकडे गाबा बनवण्याचे एक हत्यार मुळातच कमी आहे, आणि पिल्लाच्या वयात त्याच्या मेंदूतील गाबाही कमी भरतो. दोन्ही प्रती गेल्या तर पिल्लू फाटलेल्या टाळूने जन्मते आणि जन्मतःच मरते. ज्यावर उजेड पाडायचा त्यातलेच थोडे तेल घेऊन दिवा लावलेला आहे. दुसऱ्या काही जातींच्या उंदरांत जनुक काढत नाहीत, उपरे जनुक गुणसूत्रांत कुठेतरी जाऊन बसते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका जातीत सोमॅटोस्टॅटिन नावाचा पदार्थ बाळगणाऱ्या निरोधक पेशी उजळतात, पण त्यांच्यापैकीही काहीच. न उजळलेल्या पेशी निरोधक नाहीतच असे समजणारा विद्यार्थी फसेल. गोल्जीच्या काळ्या रंगाची लहर संपली असे वाटते तिथे हिरव्या रंगाची सुरू होते. हे दोष झाकलेले नाहीत, ज्यांनी उंदीर बनवले त्यांनीच ते मोजून लिहून ठेवले आहेत. आपल्या शाखेत मुलाखतीची प्रश्नावली बनवणारे किती जण आपल्या प्रश्नांनीच उत्तर वाकडे कसे केले हे मोजून लिहितात? मी माझ्या प्रकल्पात लिहिले नव्हते.

दुसरे म्हणणे त्या पाच मिनिटांच्या वाक्याविषयी. 'निरोधक पेशी म्हणजे मेंदूचे ब्रेक' ही उपमा सरांनी दिली, पुस्तकातही तीच आहे, आणि हिरव्या उंदरांच्या अभ्यासाने ती तोकडी ठरवली आहे. रंगवता आल्यामुळे कळले की या एक जातीच्या पेशी नाहीत. पार्व्हाल्बुमिन बाळगणाऱ्या पेशी दुसऱ्या पेशीच्या अंगाभोवती टोपलीसारखा वेढा घालतात आणि सेकंदाला शेकडो वेळा ठोके देऊ शकतात. त्यांच्यातच एक झुंबरासारख्या फांद्यांची जात आहे, ती जिथून संदेश निघतो तो तंतूचा अगदी आरंभच धरते. सोमॅटोस्टॅटिनवाल्या दूरच्या फांद्यांवर, जिथे बाहेरच्या वार्ता येऊन पोचतात तिथे, हात ठेवतात. आणि व्ही.आय.पी. नावाच्या (नावच तसे आहे, माझा इलाज नाही) पेशी मुख्यतः या सोमॅटोस्टॅटिनवाल्यांनाच थांबवतात. थांबवणाऱ्याला थांबवले की काय होते? अडलेले सुटते. २०१३ च्या सुमारास तीन निरनिराळ्या गटांनी हे दाखवले.

ब्रेकच्या उपमेत हे कसे बसावे? मला दारे धरणे आठवते. ज्यांनी रात्रीच्या पाळीला उसाला पाणी दिले आहे त्यांना ठाऊक असेल. पाटात पाणी एकच, वाफे पुष्कळ. खांद्यावर फावडे घेतलेला माणूस पाणी कुठेच ढकलत नाही. तो एका वाफ्याचे तोंड मातीने बंद करतो म्हणून पाणी दुसऱ्यात जाते. ते भरले की पहिल्या वाफ्यापुढचा बांध काढतो. त्याला झोप लागली तर पाणी सगळीकडून एकदम फुटते, आणि सकाळी शेताचे तळे झालेले असते. कॉर्टेक्समध्ये पाचातला एक असा फावडे घेऊन उभा आहे. आपण गोंगाटात एकाच माणसाचे बोलणे ऐकतो, एकच शब्द निवडून बोलतो, ते या बुजवलेल्या तोंडांच्या जिवावर. आणि गंमत म्हणजे हे दारकरी त्या शेतातले मूळचे रहिवासीही नव्हेत. गर्भावस्थेत ते मेंदूच्या तळाशी जन्मतात आणि वाट काढीत वर कॉर्टेक्समध्ये येऊन आपापली जागा धरतात. १९९७ साली हे सिद्ध झाले. आता हिरव्या उंदरांच्या गर्भांत त्यांची ही वाटचाल डोळ्यांनी पाहता येते.

कुणी म्हणेल, पतंजलींनी योगसूत्रांच्या आरंभीच निरोध सांगितला आहे, तेव्हा यात नवे ते काय? नाव एक असले म्हणजे वस्तू एक होत नाही. आमच्या वर्गात हशा पिकला तोही नावाच्याच घोटाळ्याने.

आत्याच्या आजाराकडे येते. फेनोबार्बिटोन हे औषध अपस्मारावर १९१२ पासून दिले जाऊ लागले. ते का लागू पडते हे गाबा सापडेपर्यंत, म्हणजे पुढची अडतीस वर्षे तरी, कुणाला सांगता येणे शक्य नव्हते. आज माहीत आहे की गाबाने पेशीच्या भिंतीतले जे दार उघडते ते या औषधामुळे अधिक वेळ उघडे राहते. आत्याची पांढरी गोळी रोज रात्री त्याच दारकऱ्यांना हात देते. लहान बाळांना होणारा ड्रावे सिंड्रोम नावाचा एक अतिशय अवघड अपस्मार आहे. त्याच्या मुळाशी बहुधा सोडियमची वाट बनवणाऱ्या एका जनुकातील बिघाड असतो. सोडियमची वाट बिघडली तर पेशी थंड पडायला हव्यात, मग झटके का? २००६ साली सिअ‍ॅटल येथे विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने उंदरांत दाखवले की ही वाट बिघडते ती मुख्यतः निरोधक पेशींची. थंड पडले होते ते फावडेवाले. सोडियमची वाट अडवणारी काही नेहमीची औषधे या बाळांचे झटके वाढवतात, हे डॉक्टर आधीपासून पाहत होते. त्याचे कारण आता कुठे लागले. तरी कथा इथे संपत नाही. पार्व्हाल्बुमिन पेशी रंगवलेल्या अशा आजारी उंदरांत २०१८ साली दिसून आले की त्या पेशी लहानपणी मंदावतात, पण वय वाढले की सावरतात. आजार मात्र राहतोच. का, यावर अजून काम चालू आहे. आत्याचा आजार हा नव्हे. तिचे कारण कुणी शोधलेले नाही.

राहता राहिला तो उंदीर. वादविवाद मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका मैत्रिणीने सरळ विचारले, "त्यासाठी किती मारले?" प्रश्न योग्य आहे, आणि तो कला शाखेतून आला याचा मला आनंद झाला. तिला तेव्हा देता आले नाही ते उत्तर आता ताईला विचारून देते. हिरव्या उंदराची जोडी साध्या उंदराशी लावतात. मेंडेलच्या नियमाने निम्मी पिल्ले हिरवी निपजतात, निम्मी साधी. पिल्लू नवजात असताना त्याची कवटी इतकी पातळ असते की निळा प्रकाश पाडला तर आतला मेंदू बाहेरूनच हिरवा दिसतो. तेव्हाच निवड करतात. साध्यांपैकी काही तुलनेसाठी ठेवतात. "आणि उरलेली?" मी विचारले. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उरलेली ठेवत नाहीत."

आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखाली प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे, संस्थेसंस्थेत नीतिसमित्या आहेत, किती प्राणी आणि कशासाठी हे आधी लिहून द्यावे लागते. हे असायला हवे, आणि आहे हे चांगले आहे. आमच्या घरी शेंगांच्या पोत्यांपाशी दरवर्षी उंदरांचे औषध ठेवतात, तेव्हा कुणी कुणाला लिहून देत नाही, आणि त्यातून कुणाला काही कळतही नाही. मी या प्रयोगांच्या बाजूने आहे. बाजूने आहे म्हणूनच माझी मागणी अशी, की शोधनिबंधात वापरलेल्या उंदरांच्या आकड्याशेजारी न वापरलेल्यांचाही आकडा छापावा. जेलीफिशच्या पदार्थासोबत सापडलेले दुसरे प्रथिन शिमोमुराने नोंदवून ठेवले, तशीच ही नोंद. आणि आमच्या अभ्यासमंडळाला विनंती, की निरोधाला पाच मिनिटांऐवजी दोन तास द्यावेत. हसणारे हसून घेतील, पहिल्या दहा मिनिटांत संपते ते.

सुटीहून परतल्यावर मी आत्याला फोनवर घेतलेला तो फोटो दाखवला. ती ओट्याशी भाकरी थापत होती. पिठाचे हात पुसून तिने फोन जवळ धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हे माझ्या डोक्यात पण आहेत?"

"आहेत. पण हिरव्या नाहीत."

"आणि गोळी त्यांच्यासाठी?"

"त्यांच्या कामात मदत करते."

"मग एवढी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. हे विचारताना तिचा आवाज चढलाही नव्हता. मी म्हटले की आत्या, मलाही या वर्षीच कळले. तिने पुन्हा फोटोकडे पाहिले, उंदराचे पुढे काय झाले म्हणून विचारले, आणि मी खरे ते सांगितले. ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी करपत होती. तिने ती उलटली, आणि रात्री आठनंतर वीज येणार आहे, उसाला पाणी सोडायचे आहे, तेव्हा लवकर जेवून घे म्हणाली.